दोन नळ्यांचा हिशेब

निघोजे म्हटले की बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "रांजणखळग्यांचे निघोज ते हेच का?" नाही. ते निघोज पारनेर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी. आमचे निघोजे खेड तालुक्यात, इंद्रायणीच्या काठी. नदी ओलांडली की तळवडे. एके काळचे हे शेतीवाडीचे गाव आज चाकण औद्योगिक पट्ट्यात आले आहे. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला आणि त्यांच्यामागोमाग सुटे भाग करणारी लहानमोठी वर्कशॉप उभी राहिली. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, कुठकुठचे लोक येथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात. मीही त्यातलाच एक. हिशेब खात्यातला कारकून. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवतो, एवढीच काय ती समाजसेवा.

असा माणूस ॲराल्डाइटवर लेख का लिहितो, असे वाचक विचारतील. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच सुटला, पुढे बी.कॉम. केले ते जमाखर्चाच्या जोरावर. पण गेल्या हिवाळ्यात दोन नळ्यांच्या त्या गोंदाने माझ्या घरात एक पूल मोडला आणि माझ्याच चाळीतली एक गोष्ट मला दाखवून दिली. ती गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसत नव्हती. म्हणून हा प्रपंच.

पूल मोडला त्याची गोष्ट

माझी मुलगी आठवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने पुलाची प्रतिकृती करायचे ठरवले. त्याला कारण होते. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळातल्या इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तेच पाणी पुढे देहूवरून आमच्या गावाशी येते. तेव्हापासून पोरीने एकच धोशा लावला होता, "पप्पा, पूल पडतो म्हणजे नेमकं काय तुटतं?"

मला उत्तर देता आले नाही. शाळेतल्या बाईंनी मात्र फार चांगले सांगितले. त्या म्हणाल्या, "काडी क्वचितच तुटते, सांधा सुटतो. करूनच बघ." मग आइस्क्रीमच्या काड्यांचे त्रिकोण जुळवून हातभर लांबीचा पूल बांधायचा आणि सांध्यांवर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे तुकडे बसवायचे, असे ठरले. लाकडाला लाकूड फेव्हिकॉलने छान धरते, पण पत्र्याला तो गोंद धरत नाही. त्यासाठी दोन नळ्यांचे ॲराल्डाइट आणले. सोमवारी प्रदर्शन, म्हणून शुक्रवारी रात्री काम काढले.

अभ्यासिकेतला एक मुलगा गॅरेजमध्ये काम शिकतो. हुशार, मदतीला सदा तयार. तो म्हणाला, "हार्डनर डबल टाक, लवकर सेट होतंय. आम्ही गॅरेजला तसंच करतो." आम्हा कोणाला त्यातले कळत नव्हते, आणि घाई तर होतीच. एका भागाला दोन भाग हार्डनर घालून सगळे सांधे चिकटवले आणि समाधानाने झोपलो.

शनिवारी सकाळी पूल दोन स्टुलांवर ठेवला आणि मधोमध पाण्याची एक लिटरची बाटली टांगली. मोजून पाच-सहा सेकंद गेले असतील. पत्र्याचे तुकडे जागेवरून हळूहळू सरकले आणि पूल झोपला. काडी एकही मोडली नव्हती. बाईंचे म्हणणे खरे ठरले, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. गोंद नखाने दाबून पाहिला तर खोडरबरासारखा मऊ.

थंडीमुळे वाळला नसेल, असे मला वाटले. डिसेंबरातली रात्र, पत्र्याचे छत. शंका रास्त होती. दुपारपर्यंत सगळे उन्हात ठेवले. तरी जैसे थे.

साडेतीनला पहिली पाळी सुटली आणि आमच्यापासून दोन दारे सोडून राहणाऱ्या वहिनी कामावरून आल्या. मूळच्या त्या बीडकडच्या. एका लहान वर्कशॉपमध्ये कंत्राटी कामाला जातात. "जयभीम भाऊजी, पोरगी का रडायली?" म्हणत त्या आत आल्या. पूल पाहिला, पण त्याला हात लावला नाही. मुलीलाच म्हणाल्या, "नख दाब बरं. खड्डा पडून परत वर येतोय का? मग हार्डनर लई झालंय. थंडीनं राहिलं असतं तर उन्हात आवळलं असतं. हे आता चार दिवस ठेवलं तरी असंच राहणार."

आम्ही बघतच राहिलो. मी विचारले, "वहिनी, तुम्हाला हे कसे माहीत?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, रोजचंच काम हाय माझं. दिवसभर हेच कालवते मी."

मध्यस्थ आणि जोडीदार

वहिनींनी जे अनुभवाने सांगितले, त्यामागचे शास्त्र मी नंतर वाचून समजून घेतले. ते जमाखर्चाच्या भाषेत सांगतो.

एका नळीत असते रेझिन, म्हणजे इपॉक्सी राळ. दुसरीत हार्डनर. दोन्ही वेगवेगळी असताना वर्षानुवर्षे पातळच राहतात. एकत्र आली की रेझिनचे रेणू हार्डनरच्या रेणूंशी बांधले जातात आणि सगळ्यांचे मिळून एक घट्ट जाळे तयार होते. येथे काही "वाळत" नाही, पाणी उडून जात नाही. फेव्हिकॉलमधले पाणी लाकडात आणि हवेत जाते, म्हणून तो वाळतो. ॲराल्डाइट मात्र जुळते. म्हणूनच पत्रा, काच, दगड अशा पाणी न शोषणाऱ्या वस्तूही ते धरते.

आता जुळायचे तर दोन्ही बाजू बरोबर हव्यात. कीर्दीत जमेला एक रक्कम आणि नावेला दुसरीच मांडली तर तेरीज जुळत नाही; जास्तीची रक्कम लोंबकळत राहते. तसेच येथे. हार्डनर जास्त झाले की जास्तीच्या रेणूंना जोडीदार मिळत नाही. ते जाळ्यात नुसते पडून राहतात आणि सांधा रबरासारखा होतो. रेझिन जास्त झाले तर चिकटपणा कायम राहतो. दोन्ही वेळा नुकसान आपलेच.

मग गॅरेजमधल्या मुलाचे काय चुकले? तसे पाहिले तर काहीच नाही. तो त्याच्या कामातले खरे तेच सांगत होता. गाडीचा पोचा भरायला जी मेटल पेस्ट वापरतात ती पॉलिस्टर जातीची. तिला शंभर भागांना साधारण दोनच भाग हार्डनर लागते. ते हार्डनर मध्यस्थासारखे असते, लग्न जुळवून मोकळे होते. मध्यस्थाने जरा घाई केली तर लग्न लवकर लागते, एवढेच. (अति केले तर तेथेही काम बिघडते, ही गोष्ट वेगळी.) ॲराल्डाइटमध्ये हार्डनर हा मध्यस्थ नव्हे, जोडीदार आहे. एका नवरीला दोन नवरे आणून लग्न लवकर लागत नसते. "हार्डनर" हे नाव दोन्हीकडे एकच असल्यामुळे असे घोटाळे होतात. पाकिटावरचे प्रमाण वाचणे, हा त्यावर उपाय.

हा गोंद आला कोठून, हेही थोडक्यात सांगतो. पिएर कास्टान नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधताना इपॉक्सी राळ तयार केली. तिचे हक्क सिबा कंपनीने घेतले आणि १९४६ साली बासेल शहरातल्या औद्योगिक मेळ्यात ॲराल्डाइट लोकांपुढे आले. सिडनीचे ऑपेरा हाऊस १९७३ साली खुले झाले. त्याच्या बांधकामात काँक्रीटचे भाग जोडायला हाच गोंद वापरला आहे. आपल्याकडे भारतात २०२० साली मुंबईच्या पिडिलाइट कंपनीने ॲराल्डाइटचा किरकोळ धंदा विकत घेतला. घरोघरी नळ बुजवायला वापरतात ते एम-सीलही दोन भागांचे इपॉक्सीच, फक्त मळायच्या लगद्याच्या रूपात. ते मूळचे महिंद्रा समूहातल्या कंपनीचे. २००० साली पिडिलाइटकडे आले. म्हणजे आमच्या मुलीचे काड्यांचे सांधे आणि परदेशातले नाट्यगृह, दोन्हीकडे नियम एकच.

वहिनींचा वर्ग

त्या शनिवारी संध्याकाळी वहिनींनी आमच्या ओट्यावर वर्ग घेतला. पहिलीच अट घातली, "मी हात लावणार न्हाई, तोंडानं सांगते. आन् तुमी बी उघड्या हातानं करायचं न्हाई." मेडिकलच्या दुकानातून नायट्राइलचे निळे हातमोजे आणायला लावले. मग त्या जे सांगत गेल्या ते मुलीने वहीत उतरवून घेतले. त्यात मी वाचनातून थोडी भर घातली आहे.

१. जुने पूर्ण काढा. खराब झालेल्या थरावर चांगला थर चढवून उपयोग नाही. पत्र्याचे तुकडे गरम पाण्यात टाकले की गोंद मऊ होतो, मग चाकूने खरवडता येतो. काड्यांवरचा थर ब्लेडने काढला. हे खरवडलेले कपटे आणि धूळ उघड्या हाताला किंवा नाकात जाऊ देऊ नये. पॉलिश पेपर मारायचा तर तोंडाला मास्क हवा.

२. पृष्ठभाग खडबडीत आणि स्वच्छ करा. तेलाच्या डब्याचा पत्रा गुळगुळीत आणि वर तेलकट. आधी साबणाने धुवा, कोरडा करा, मग पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा आणि थिनरच्या कोऱ्या चिंधीने पुसा. थिनर जवळ असताना चूल, गॅस, बिडी-काडी लांब. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नये; आपल्या बोटालाही तेल असतेच.

३. प्रमाण मोजा, अंदाज नको. नेहमीच्या दोन नळ्यांच्या प्रकारात मापाने एकास एक घ्यायचे असते. फरशीच्या तुकड्यावर दोन समांतर रेघा काढतात, पण एक रेघ जाड आणि एक बारीक झाली की हिशेब चुकला. त्यापेक्षा सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्याव्यात, एकीवर "रे", दुसरीवर "हा" लिहावे आणि त्यांची अदलाबदल करू नये. येथे हिशेबनिसाने ध्यानात ठेवायची एक गोष्ट आहे. हार्डनर रेझिनपेक्षा हलके असते. त्यामुळे तराजूवर तोलले तर याच गोंदाचे प्रमाण शंभरास ऐंशी होते. मापाचा आकडा वजनाला लावू नये.

४. नीट कालवा. दोन-तीन मिनिटे, घड्याळ लावून. रंग एकसारखा झाला पाहिजे, रेषा दिसता कामा नयेत. कडेचे आणि तळाचे खरवडून मध्ये आणत राहावे. वहिनींचे शब्द असे, "डब्याच्या बुडाला न कालवलेलं राहतं, आन् तेच नेमकं सांध्यात जातं."

५. थोडे थोडे करा. जुळताना हे मिश्रण उष्णता सोडते. डबीत एका जागी बराच गोळा राहिला की तो तापतो, तापला की आणखी वेगाने आवळतो आणि हातातच दगड होतो. गोळा मोठा असेल तर धूरही येतो. म्हणून पसरट झाकणात कालवावे आणि पाच-सहा सांध्यांपुरतेच घ्यावे.

६. हवामान पाहा. ढोबळ नियम असा की दहा अंशांनी उष्णता वाढली की वेळ निम्म्यावर येते आणि घटली की दुप्पट होते. मे महिन्यात घाई करावी लागते, डिसेंबरात धीर धरावा लागतो. थंडीत रेझिन घट्ट होते. झाकण घट्ट लावून नळी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की सैल पडते. आम्ही चिकटवलेला पूल रात्री खोक्यात ठेवून वर गोधडी घातली आणि रविवारी दिवसभर उन्हात ठेवला.

७. दाबा, पण पिळू नका. सांधा हलू नये म्हणून कपड्यांचे चिमटे आणि रबर बँड लावावेत. फार जोराने दाबले तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. कागदाच्या जाडीएवढा थर मध्ये राहिला पाहिजे.

८. टोपणे बदलू नका. रेझिनचे टोपण हार्डनरच्या नळीला लागले की तेथेच दोघांचे जुळते आणि नळी जन्माची बंद होते. आमच्या घरची एक नळी अशीच गेली आहे.

पाच मिनिटांत आवळणारा प्रकारही दुकानात मिळतो. घाईच्या कामाला तो ठीक आहे, पण तो सहसा संथ प्रकारापेक्षा कमी ताकदीचा असतो, आणि ओल व उष्णता यांपुढे लवकर हार मानतो. शिवाय नवख्या हाताला पाच मिनिटे पुरत नाहीत. मुलांनी संथ प्रकारच वापरावा आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री काम काढू नये. हा शेवटचा उपदेश मी स्वतःलाच करतो आहे.

कोठे चालते, कोठे नाही

बादली, डबे, दुधाची पिशवी यांचे मेणचट प्लास्टिक हा गोंद धरत नाही. पापुद्रा निघून येतो. म्हणून मिश्रण कालवायला प्लास्टिकचे झाकण चांगले, दुसऱ्या दिवशी उरलेले आपोआप सुटते. थर्माकोलला थिनरचे गोंद खाऊन टाकतात, इपॉक्सी खात नाही. पण आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास बंदी आली आहे, तेव्हा पुठ्ठा, बांबू आणि काड्यांचीच सवय लावलेली बरी. उन्हात हा गोंद पिवळा पडतो, म्हणून दिसणाऱ्या जागी बेताने लावावा.

सांध्याचा आकारही महत्त्वाचा. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून चिकटवल्या आणि लांबीच्या दिशेने ओढल्या, तर सगळ्या जागेवर सारखा ताण येतो आणि सांधा पुष्कळ भार सोसतो. तीच पट्टी एका टोकाने उचलून सोलली तर सगळा जोर एका रेघेवर येतो आणि ती सुटते. तुपाचा डबा उघडताना आपण झाकणाला एकाच टोकाला चमचा लावतो, तसेच हे. म्हणून सांध्यावर पत्र्याचा तुकडा मोठा घ्यावा, दोन्ही बाजूंनी लावावा आणि सोलण्याची दिशा येऊच देऊ नये.

पैशांची अडचण असेल तर या गोंदाशिवायही प्रतिकृती होतात, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या टेल्कोत नोकरी केलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना घरे, पूल, मनोरे करायला शिकवले. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांसाठी मोठे काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोथरूडला जोशींचे रेल्वे प्रतिकृतींचे संग्रहालय १९९८ पासून आहे. चिंचवडचे सायन्स पार्क २०१३ पासून आहे. आपल्या मुलांना एकदा तरी तेथे न्यावे. हाताने केलेली वस्तू मुलाला पुस्तकापेक्षा वेगळे काही शिकवते, याचा अनुभव मला माझ्याच घरात आला.

वहिनींचे हात

आता मुख्य गोष्ट. वर्ग संपल्यावर मुलीने विचारले, "काकू, तुम्ही हात का लावत नाही?" वहिनींनी पदराखालचे हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फुटलेली, मनगटापर्यंत लाल चट्टे, कोठे पाणी धरलेले. ते हात मी वर्षभर पाहत होतो. भांडी-धुण्याने, नाहीतर पाण्याच्या दोषाने झाले असेल, असे समजत होतो. वस्तीत फॉर्म भरून देणारा, रेशनकार्डासाठी तहसीलला खेपा घालणारा मी. दोन दारांपलीकडच्या बाईला तिच्या हातांबद्दल एकदाही विचारले नव्हते.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये डबे येतात ते मोठे. त्यांतून काढून बायका उघड्या हातांनी मिश्रण कालवतात, आणि हाताला लागले की थिनरने पुसतात. सुरुवातीचे सात-आठ महिने काही झाले नाही. मग एक दिवस खाज सुटली, आणि तेव्हापासून थेंबभर लागले तरी हात पेटतात. "साहेब म्हणतात, बाकीच्यांना कुठं काय होतंय? तुझंच रगत खराब असंल."

रक्त खराब नव्हते. मी त्यांना त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले, सोबत डब्यावरच्या लेबलचा फोटो नेला. डॉक्टरांनी ॲलर्जीचा त्वचारोग असल्याचे सांगितले. न जुळलेले रेझिन आणि हार्डनर, दोन्हींमुळे अशी ॲलर्जी होऊ शकते. ती पहिल्याच दिवशी दिसते असे नाही. शरीर काही काळ सोसते आणि एकदा बिघडले की सहसा आयुष्यभर बिघडलेलेच राहते. मग अगदी थोडे लागले तरी पुरते. थिनरने हात पुसणे तर सर्वांत वाईट, कारण थिनर कातडीचे तेल काढून टाकतो आणि रसायनाला आत जायला वाट करून देतो. हाताला लागले तर साबण आणि पाणी, लगेच. पूर्ण जुळून कडक झालेल्या गोंदाची अशी भीती नाही. धोका असतो तो ओल्या, अर्धवट जुळलेल्या गोंदाचा आणि त्याच्या धुळीचा.

कामावरून होणारा हा त्वचारोग काही नवा शोध नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्यातच रसायने आणि रंग यांच्या थेट संपर्काने होणारा त्वचारोग सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार सुरक्षेची नवी संहिता लागू झाली, तिलाही अशी यादी जोडलेली आहे. कागदावर सगळे आहे. ओट्यावर कालवणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचलेले नाही.

मी वहिनींबरोबर त्या वर्कशॉपमध्ये तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी "काही होत नाही" हे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी सुती हातमोजे दाखवले. सुती मोजे म्हणजे आणखी वाईट, कारण ते रसायन पिऊन घेतात आणि दिवसभर हाताला चिकटवून ठेवतात. ते मी लेबलवरची सूचना पुढे ठेवून सांगितले. तिसऱ्या वेळी नायट्राइलचे मोजे आले, भिंतीत पंखा बसला आणि वहिनींना त्याच पगारावर पॅकिंगला घेतले. मी काही फार मोठी लढाई केली असे नाही. कागद वाचला आणि तो वाचता येणाऱ्या माणसाने वाचता न येणाऱ्यासाठी पुढे केला, इतकेच. वहिनींचे चट्टे कमी झाले आहेत, गेलेले नाहीत. कालवायच्या जागी आता एक एकोणीस वर्षांची नवी मुलगी बसते. तिचे मोजे रोज बदलले जातात का, हे मी दर आठवड्याला विचारतो.

नदीपलीकडच्या तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या करणाऱ्या ठिकाणी आग लागली आणि कामावरच्या महिलांचा बळी गेला. दारूच्या आगीची आणि गोंदाच्या चट्ट्यांची बरोबरी मी करत नाही. पण आपल्या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपमध्ये हातात काय दिले आहे हे न सांगताच काम दिले जाते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

पूल उभा राहिला

सोमवारी शाळेत मुलीने पूल दोन बाकांवर ठेवला आणि मध्ये बादली टांगली. एकेक लिटर पाणी ओतत गेली. पंधरा लिटरला बादली भरली. पूल किंचित वाकला, पण सांधा एकही सुटला नाही. बक्षीस मिळाले नाही. ते दुसऱ्याच एका मुलाला मिळाले, आणि त्याचे काम खरोखरच चांगले होते. पण मुलीने शुक्रवारचा मोडलेला एक सांधाही शेजारी मांडला होता आणि खाली लिहिले होते, "हार्डनर दुप्पट: एका लिटरला सुटला. समप्रमाण: पंधरा लिटरला टिकला." परीक्षक तेथे बराच वेळ उभे होते, असे बाई म्हणाल्या. तक्त्यावर मार्गदर्शकांच्या रकान्यात बाईंच्या नावाखाली तिने शेजारच्या काकूंचे नाव लिहिले. वहिनी संध्याकाळी तो तक्ता पाहायला आल्या. त्यांना वाचता येत नाही. मुलीने बोट ठेवून नाव दाखवले, तेव्हा त्या बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत होत्या. आता रविवारी त्या अभ्यासिकेत येतात. आधी स्वतःचे नाव लिहायला शिकल्या, सध्या डब्यावरचे लेबल वाचायला शिकत आहेत.

वाचकहो, आपल्या घरात मुले प्रतिकृती करत असतील तर त्यांना गोंद जरूर आणून द्या, पण मोजे आणि घड्याळही द्या. दोन्ही भाग मोजून घ्यायला आणि पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायला शिकवा. आणि शेजारी कोणी असे काम करत असेल तर एकदा त्यांचे हात पाहा. मला पाहायला वर्ष लागले; तुम्ही आजच पाहा.